प्रवेशिकेचे व्याकरण : मानवशास्त्र, कलेतिहास आणि चित्रकला यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमांविषयी

१

एखाद्या ज्ञानशाखेचे स्वरूप तिच्या अद्ययावत संशोधनात पाहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु ज्ञानशाखेची गृहीतके संशोधनात बहुधा झाकलेली असतात. ती उघडी पडतात तिच्या प्रवेशिकेत. नवशिक्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जे सांगितले जाते ते सिद्ध करण्याची कोणाला गरज वाटत नाही. 'मानव', 'संस्कृती', 'कला', 'आदिम', 'अभिजात' हे शब्द तेथे व्याख्येच्या चौकटीत बसवून दिले जातात आणि पुढे पदव्युत्तर पातळीवर कितीही चिकित्सा झाली, तरी पहिल्या प्रकरणाने घालून दिलेली वाक्यरचना सहसा मोडत नाही. या दृष्टीने प्रवेशिका-अभ्यासक्रम हा एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला निवेदक आहे, कथानक आहे, काळ आहे आणि एक गृहीत वाचकही आहे. साहित्यसमीक्षेने कादंबरीच्या निवेदकाची जेवढी झाडाझडती घेतली, तेवढी या निवेदकाची घेतलेली नाही.

प्रस्तुत लेखात मानवशास्त्र, कलेतिहास आणि प्रत्यक्ष चित्रकला या तीन विषयांच्या प्राथमिक अभ्यासक्रमांचे वाचन संहिता म्हणून करावयाचे आहे. तेही एका विशिष्ट ठिकाणाहून. हे ठिकाण म्हणजे नांदेड-लातूर रस्त्यावरील लोहा व त्याचा परिसर : एका बाजूस राष्ट्रकूटांचे कंधार, दुसऱ्या बाजूस खंडोबाचे माळेगाव, आणि थोडे दूर देगलूरकडे होट्टल, उत्तरेस माहूर आणि किनवट. ठिकाण निवडण्याचे कारण अस्मितेचे नाही. या तिन्ही विषयांत ज्याचे वर्णन केले जाते तो समाज, ज्याचा काळ ठरवला जातो ते शिल्प आणि ज्याचे चित्र काढावयास सांगितले जाते ते दृश्य, ही तिन्ही येथे एकाच पंचक्रोशीत आहेत. आणि ज्याला हे शिकवले जाते तो विद्यार्थीही तेथलाच आहे. वर्ण्य विषय आणि वाचक एकच झाला की संहितेची गृहीतके लपून राहत नाहीत.

एक वस्तुस्थिती आरंभीच नोंदवणे इष्ट. महाराष्ट्रात मानवशास्त्राचे स्वतंत्र पदवीशिक्षण पुण्यासारख्या मोजक्या ठिकाणीच रुजले. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मानवशास्त्र भेटते ते समाजशास्त्राच्या 'आदिवासी समाज'सारख्या पत्रिकेतून, मराठी विभागातील लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेतून किंवा स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकांतून. कलेतिहास इतिहासाच्या अभ्यासक्रमातील 'कला व स्थापत्य' या उपघटकात येतो किंवा कलामहाविद्यालयाच्या पायाभूत वर्षात. चित्रकला तर शाळेपासूनच शासकीय रेखाकला परीक्षांच्या रूपाने येते. म्हणजे हे अभ्यासक्रम येथे तुकड्यातुकड्यांनी पोहोचतात. परंतु तुकडा झाला तरी त्यात मूळ वाक्याचे व्याकरण शाबूत असते. त्या व्याकरणाचाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

२

मानवशास्त्राच्या प्रवेशिकेचे वाक्य रीतिवर्तमानकाळात चालते. 'अमुक जमातीचे लोक जडीबुटी विकतात', 'त्यांच्यात वधूमूल्याची प्रथा आढळते', 'हे लोक पालात राहतात' अशा धाटणीची वाक्ये कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. या काळाचा गुण असा की त्यात घटना नसते, केवळ सवय असते. विकणारा एक माणूस एका दिवशी एका बाजारात काही विकतो, हे वाक्य कथेचे आहे. 'लोक विकतात' हे वाक्य वर्णनाचे आहे. पहिल्या वाक्यातील माणूस उद्या वेगळे काही करू शकतो, दुसऱ्या वाक्यातील माणसाला ती मुभा नाही. योहानेस फाबियान याने १९८३ मध्ये 'टाइम अँड द अदर' या ग्रंथात मानवशास्त्र आपल्या वर्ण्य विषयाला आपल्याच काळात राहू देत नाही, असा आक्षेप नोंदवला होता. मराठीत हा आक्षेप अधिक नेमकेपणाने मांडता येतो, कारण मराठीच्या व्याकरणात त्याला स्वतंत्र नाव आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट सर्वनामाची. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही'. इंग्रजी पाठ्यपुस्तकाला हा भेद करावा लागत नाही. मराठी पाठ्यपुस्तकाला तो टाळता येत नाही. प्रवेशिकेचा निवेदक विद्यार्थ्याशी बोलताना सतत 'आपण' म्हणतो : 'आपण मागील प्रकरणात पाहिले', 'आपल्या समाजात', 'आपल्याहून भिन्न अशा संस्कृती'. हे 'आपण' प्रेमळ आहे, निमंत्रण देणारे आहे. परंतु वर्गात तांड्यावरचा मुलगा बसला आहे, किनवटच्या गोंड वा कोलाम वस्तीतील मुलगी बसली आहे, आणि प्रकरण त्यांच्याविषयीच आहे. या वाक्यात शिरावयाचे तर त्यांना 'आपण'मध्ये बसून स्वतःच्या आईबापांना 'ते' म्हणावे लागते. न शिरावे तर पुस्तकाचा वाचक होण्याचे नाकारावे लागते. विषयाचे पहिलेच पान या विद्यार्थ्याकडून ही किंमत मागते, आणि ती मागितल्याची नोंदही कोठे होत नाही.

हे सर्वनाम आकाशातून पडलेले नाही. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या प्रदेशातील जातिजमातींचे पहिले व्यापक वर्णन, सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजाम राज्यातील जाती व जमातींवरील इंग्रजी ग्रंथ, १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे आणि मध्य प्रांतासाठी त्याआधी, १९१६ मध्ये, रसेल व हिरालाल यांचे खंड निघाले होते. हे ग्रंथ वर्णानुक्रमाने रचलेले आहेत, म्हणजे त्यांची बांधणी कोशाची आहे. कोणत्याही जातीचे दुसरीशी असलेले नाते, वैर, देणेघेणे या रचनेत मागे पडते आणि उरते ते प्रत्येकीचे सुटे लक्षण. या ग्रंथांचा गृहीत वाचक होता राज्यकर्ता अधिकारी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांवर जन्मतःच शिक्का मारला, त्यांचे 'स्वभाववर्णन' याच वाक्यपद्धतीत लिहिले गेले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वाक्यपद्धती रद्द झाली नाही.

हे वर्गीकरण केवळ ग्रंथात राहत नाही. किनवटचा मुलूख १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो मराठी प्रदेशात आला. १९४० च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारसाठी याच आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले आणि मार्लवाई येथे गोंडी भाषेच्या आधाराने शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू करण्यात पुढाकार घेतला. मानवशास्त्र येथे एका अर्थाने प्रशासनाचा हात होते आणि त्याच वेळी त्या हाताला अडवणारी विवेकबुद्धीही होते. सीमा बदलल्यावर काय झाले? तेलंगणाच्या बाजूचे लंबाडे १९७६ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जमातीत गेले. सीमेच्या अलीकडे राहिलेले बंजारे विमुक्त जातींच्या यादीत आहेत. भाषा एक, गोत्रे एक, वर्ग मात्र दोन. आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींच्या आधारे कुणबी दाखल्यांचा शासननिर्णय निघाला, त्यानंतर बंजारा समाजानेही त्याच नोंदींकडे बोट दाखवून आपली मागणी मांडली. शंभर वर्षांपूर्वीची वर्णनपर वाक्ये आज मराठवाड्यातील तरुणांचे भवितव्य ठरवत आहेत. अशा प्रदेशात मानवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाने 'जमात म्हणजे काय' हा प्रश्न व्याख्येने मिटवणे हे निरुपद्रवी सुलभीकरण नाही.

मराठी मानवशास्त्राच्या आरंभी मात्र दुसरी एक शक्यताही उभी होती. इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर याच्या हाताखाली त्यांनी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला आणि वंशभेदाशी त्या असममितीचा संबंध त्यांना आढळला नाही. मार्गदर्शकाचे गृहीतक त्याच्याच मोजपट्टीने ढासळले. पुढे महाराष्ट्रातही त्यांनी मापे घेतली. परंतु याच कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालत गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यावर तो जगभरच्या अभ्यासकांच्या वाचनात आला. त्या लेखात निवेदिका चालते, थकते, जेवते, आणि एकाच दिंडीत जातीजातींची पंगत वेगळी का बसते, याने अस्वस्थ होते. तेथे काळ रीतिवर्तमान राहत नाही. तो प्रसंगाचा काळ होतो. सर्वनामही डळमळते. मराठी मानवशास्त्राची प्रवेशिका मोजणाऱ्या कर्व्यांऐवजी चालणाऱ्या कर्व्यांपासून सुरू झाली असती, तर तिचे व्याकरण वेगळे झाले असते. परंतु 'वाटचाल' ललित गद्याच्या वर्गात गेली आणि मानवशास्त्राच्या वर्गात तक्ते राहिले.

३

कलेतिहासाचे वाक्य भूतकाळी आणि कर्मणी आहे. 'मंदिर बांधले गेले', 'शिल्पे कोरली गेली', 'शैली विकसित झाली'. मानवशास्त्राच्या वाक्यात माणसे असतात पण घटना नसते. कलेतिहासाच्या वाक्यात घटना असते पण माणसे नसतात. कर्त्याच्या जागी राजघराणे येते. राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, यादव ही नावे प्रकरणांची शीर्षके होतात. दगड फोडणारा, वाहणारा, घडवणारा यांचा उल्लेख कर्मणी प्रयोगात विरून जातो.

प्रवेशिकेची दुसरी सवय म्हणजे एका शब्दात अनेक शतके गुंडाळणे. मराठवाड्यात हा शब्द 'हेमाडपंती' आहे. चुन्याशिवाय रचलेले कोणतेही जुने दगडी देऊळ हेमाडपंती म्हणून सांगितले जाते. हेमाद्री हा तेराव्या शतकातील, यादव महादेव व रामचंद्र यांच्या कारकिर्दीतील मंत्री. देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले, म्हणजे हेमाद्रीच्या आधीचे. तरी तेही सरसकट हेमाडपंती ठरते. हा केवळ कालगणनेचा दोष नाही. 'हेमाडपंती' म्हटले की या भूमीचा कन्नड भाषेशी, कल्याणीशी, पुढे तेलंगणाशी असलेला संबंध पुसला जातो आणि देवगिरीकेंद्री मराठी इतिहासाची सलग रेघ ओढता येते. गो. बं. देगलूरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या मंदिरांचा स्वतंत्र विचार करून दाखवला त्याला अर्धशतक झाले. प्रवेशिकेचा शब्द तरीही हलला नाही. संशोधन आणि प्रवेशिका यांच्यातले अंतर किती असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कंधारचे उदाहरण याहून बोलके. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील कंधारचा शिलालेख राष्ट्रकूट इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो, आणि गावात एका अवाढव्य मूर्तीचे भग्न अवयव सापडले आहेत. ती क्षेत्रपालाची मानली जाते. सर्वसाधारण कलेतिहासाचा क्रम वेरूळच्या कैलासावर राष्ट्रकूटांचे प्रकरण संपवतो. कंधार तेथे येत नाही, कारण प्रवेशिकेला पूर्ण वस्तू हवी असते. भग्न पाऊल हे तिच्या दृष्टीने अभाव आहे. वस्तुतः 'पूर्ण' आणि 'भग्न' यांच्याविषयी, शिल्पाच्या मोजमापाविषयी, एखादे गाव अशा तुकड्यांसोबत शतकानुशतके कसे राहते याविषयी विचार करावयास विद्यार्थ्याला यासारखे साधन दुसरे नाही.

आणि ज्याला घडवलेलाच नाही, त्याचे काय? माहूरची रेणुका, अनेक गावांच्या मरीआई, शेताच्या बांधावरचा म्हसोबा ही रूपे तांदळ्याची, म्हणजे अघडीव वा जेमतेम घडवलेल्या पाषाणाची, शेंदराच्या थरांनी वाढत जाणारी. कलेतिहासाच्या संकल्पनाव्यूहात तांदळ्याला जागा नाही, कारण तेथे कर्ता शिल्पी नाही, शैली नाही, तारीख नाही. तो मानवशास्त्राकडे सोपवला जातो आणि मानवशास्त्र त्याला 'श्रद्धा' या सदरात टाकते. पाहण्याचा एक संपूर्ण व्यवहार असा दोन विषयांच्या फटीत पडतो. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ च्या ग्रंथात शिरोहीन देवीप्रतिमा, रेणुका-यल्लम्मेच्या कथा आणि लोकाचार यांना एकत्र वाचले, तेव्हा ही फट प्रथमच मराठीत भरून निघाली. दा. ध. कोसंबींनीही त्याआधी पुण्याच्या परिसरातील देवस्थानांकडे हातात काठी घेऊन जाऊन पाहिले होते. हे दोघेही विद्यापीठीय विषयांच्या सीमा ओलांडून काम करणारे होते, ही गोष्ट अभ्यासक्रमांच्या रचनेविषयी पुरेसे सांगून जाते.

पाश्चात्त्य प्रवेशिकांनाही हे दुखणे चुकलेले नाही. जॅन्सनच्या १९६२ च्या सर्वदूर वापरल्या गेलेल्या कलेतिहासात एकही स्त्री-कलावंत नव्हती. लिंडा नॉक्लिन हिने १९७१ मध्ये थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत हा प्रश्न विचारला, तो या प्रवेशिकेच्याच विरोधात होता. नॉक्लिनचे उत्तर असे की वगळलेली नावे भरून काढणे पुरेसे नाही, 'थोर' ही कोटीच तपासावी लागेल. आपल्याकडे अजून नावे भरण्याचाच टप्पा चालू आहे.

४

चित्रकलेचे वाक्य आज्ञार्थी आहे : 'काढा', 'रंगवा', 'छायाप्रकाश दाखवा'. येथे ज्ञान सांगितले जात नाही, करवून घेतले जाते. म्हणून येथील गृहीतके हातात उतरतात आणि हातात उतरलेले गृहीतक मनातल्यापेक्षा अधिक टिकाऊ असते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ ची. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर-प्रतींवरून रेखाटन, मग वस्तुचित्रण, मग मानवाकृती हा क्रम तेथे रुजला आणि शासकीय रेखाकला परीक्षांच्या मार्गाने खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत आला. १८७२ पासून ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. गिलने आधी केलेल्या प्रतींचीही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तीच गत झाली होती. अजिंठा आधुनिक मराठी चित्रकाराच्या हाती आला तो असा : प्रतिकृती म्हणून, परक्या संग्रहासाठी, प्लास्टरच्या पुतळ्यावर घोटवलेल्या हाताने.

एलिमेंटरी परीक्षेचे विषय पाहावेत : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन. वस्तुचित्रात एका दृष्टिबिंदूची यथादर्शनपद्धती गृहीत आहे. संकल्पचित्रात ठरावीक आकृतीतील पुनरावृत्ती गृहीत आहे. या परीक्षांनी असंख्य मुलांच्या हाती रंग दिले, दहावीच्या निकालात त्यांना वाढीव गुण मिळवून दिले, आणि अनेक कलाशिक्षक घडवले. हे ऋण मान्य करूनच बोलावयास हवे. परंतु ज्या घरातून मुलगी परीक्षेला येते, त्या घरात आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत असते. तुकड्यांचा मेळ, किनारीचा उपयोग, टाक्यांची दिशा, फाटक्या भागावर ठिगळ बसवताना होणारी रचना हा सगळा संकल्पचित्राचाच विचार आहे. तांड्यावरच्या फेटिया-कांचळीवरील आरसेकाम आणि कवड्या यांतही तोच विचार आहे. परीक्षेच्या संकल्पचित्रात मात्र वाकळ प्रवेश करीत नाही. ती प्रवेश करते ती वस्तुचित्रात, टेबलावरच्या घड्याच्या मागे लावलेला 'ड्रेपरी' म्हणून. जी रचना होती ती पार्श्वभूमी झाली.

मराठी कलाविचारात या अडचणीवर मात करण्याचा एक गंभीर प्रयत्न द. ग. गोडसे यांच्या 'पोत' (१९६३) या पुस्तकात झाला. 'पोत' ही वस्त्राच्या व्यवहारातली संज्ञा त्यांनी कलाविचाराची संज्ञा केली. 'रूप' आणि 'आशय' या उसन्या जोडीला बाजूस ठेवून हाताला जाणवणाऱ्या गुणापासून आरंभ करता येतो, हे त्यात दिसले. मर्ढेकर-पाटणकर परंपरेतील सौंदर्यशास्त्र विद्यापीठात गेले, कारण त्याचे व्याकरण विद्यापीठाला ओळखीचे होते. 'पोत' मात्र ललित कलासमीक्षेच्या कपाटात राहिले. प्रात्यक्षिक वर्गाची प्रवेशिका तेथून लिहिली गेली नाही.

५

आता हे तिन्ही अभ्यासक्रम एकाच वस्तूवर लावून पाहू. लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्यात, खंडोबाच्या देवस्वारीने सुरू होते. घोडे, गाढवे, उंट यांचा मोठा बाजार भरतो. लाल कंधारी जनावरांचे प्रदर्शन होते. कुस्त्या होतात, लावणीचे फड रंगतात. आणि वैदू, गोसावी, घिसाडी, मसणजोगी अशा भटक्या समाजांची पाले पडतात, त्यांच्या जातपंचायती येथे बसत आल्या आहेत. मानवशास्त्राच्या वर्गात ही यात्रा 'जातपंचायत' या संस्थेचे उदाहरण होते. कलेतिहासाच्या वर्गात ती येतच नाही, कारण माळेगावचे देऊळ कोणत्याही शैलीचा नमुना म्हणून गणले जात नाही. चित्रकलेच्या वर्गात 'जत्रा' हा स्मरणचित्राचा ठरलेला विषय आहे : आकाशपाळणा, फुगेवाला, देवळाचे शिखर, समोर पाठमोरी बाई. विशेष असे की स्मरणचित्र म्हणताना ज्याचे स्मरण अपेक्षित आहे ती कोणत्याच गावची नसलेली जत्रा आहे. माळेगावला वाढलेल्या मुलानेही तीच काढावी, कारण परीक्षकाला तीच ओळखता येते. गाढवांचा बाजार काढणाऱ्याचे स्मरण खरे असेल. त्याचे चित्र मात्र चुकलेले ठरण्याची शक्यता अधिक.

खंडोबाविषयी ढेरे यांनी १९६१ मध्ये लिहिले. गुंटर सोंथायमर यांनी धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांचा जो शोध घेतला तो १९७६ मध्ये जर्मनमध्ये आणि १९८९ मध्ये इंग्रजीत आला. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातूनच गावगाड्याबाहेरच्या समाजांचा आणि लोकसाहित्याचा अभ्यास उभा केला. म्हणजे साहित्य नाही, असे म्हणता येत नाही. अडचण आहे ती या साहित्याला प्रवेशिकेत स्थान मिळण्याची. आणि मिळाले तरी पुन्हा 'ते लोक' या सर्वनामात ते बसवले जाण्याची.

येथे मराठी विभागाने आपल्याकडेही पाहावयास हवे. लातूरच्या धनेगावात जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ते विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेले. पोलिसांच्या आणि गावाच्या तोंडी असलेले, शिक्क्यासारखे वापरले गेलेले नाव लेखकाने शीर्षक म्हणून घेतले. हीच मुळात वर्गीकरणाच्या भाषेवर केलेली समीक्षा आहे. या पुस्तकाचे सर्वनाम 'मी' आणि 'आम्ही' आहे. हे 'आम्ही' वाचकाला वगळते आणि वगळूनच त्याला ऐकावयास लावते. ज्या समाजाविषयी रीतिवर्तमानकाळात लिहिले गेले, त्याने येथे भूतकाळात, म्हणजे घटनेच्या काळात, स्वतःविषयी लिहिले. वाङ्मयीन दृष्टीने ही केवढी उलथापालथ आहे! परंतु प्रश्नपत्रिकेत 'उचल्या'मधून कोणत्या समाजाचे दर्शन घडते, त्यांच्या चालीरीती कोणत्या, असे विचारले गेले की 'आम्ही' पुन्हा 'ते' होते. साहित्यकृतीचे असे साधनात रूपांतर करून मराठी विभाग नकळत जुन्या जातिकोशाचाच पुढचा खंड लिहीत राहतो.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रवेशिकेला सुलभीकरण अटळ आहे. नवशिक्याला आधी ठोकळेबाज सांगावे, मग गुंतागुंत दाखवावी. हा आक्षेप पुस्तकी क्रम आणि शिक्षण यांत गल्लत करतो. बहुसंख्य विद्यार्थी प्रवेशिकेच्या पुढे जातच नाहीत. त्यांच्यापुरती प्रवेशिका हाच संपूर्ण विषय असतो. पहिल्या वर्षी मिळालेली 'जमाती'ची व्याख्या घेऊनच विद्यार्थी तलाठी, शिक्षक, पोलीस, पत्रकार होतात. शिवाय सोपे म्हणजे सपाट, असे समीकरण नाही. एका वाकळीविषयीचा नेमका प्रश्न कालखंडांच्या तक्त्यापेक्षा सोपाही असतो आणि खोलही.

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेने येतो : मग परके सारे काढून टाकावे, अल्तामिरा आणि मायकेलअँजेलो यांच्या जागी माळेगाव आणि कंधार आणावे. देशीवादाच्या चर्चेत या आवाहनाचे आकर्षण मोठे आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञानप्रणाली' हे सदर अभ्यासक्रमांत आल्यापासून त्याला संस्थात्मक बळही मिळाले आहे. परंतु उदाहरणे बदलून वाक्य बदलत नाही. 'आपली थोर परंपरा' या शब्दांतील 'आपली' पुन्हा तेच प्रेमळ आणि वगळणारे सर्वनाम आहे. त्यात होट्टलचे देऊळ सहज बसते, मसणजोग्याचे पाल बसत नाही. दुसरे असे की स्थानिक म्हणून ते निर्दोष ठरत नाही. जातपंचायतींनी स्त्रियांवर आणि बंडखोरांवर केलेले अन्याय सुपरिचित आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा अधिनियम करावा लागला, तो उगाच नव्हे. माळेगावला केवळ 'लोकसंस्कृतीचा ठेवा' म्हणून गौरवणारा अभ्यासक्रम या स्त्रियांना दुसऱ्यांदा गप्प करील. गौरवाच्या वाक्यालाही कर्ता नसतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

म्हणून परके हवे आहे, पण शेजारी म्हणून हवे आहे. कंधारच्या भग्न पावलाशेजारी रोममधील कॉन्स्टंटाइनच्या महामूर्तीचे सुटे अवयव ठेवले, तर दोन्ही ठिकाणी सत्तेची मापे दगडात कशी उतरतात आणि मोडतात, हे दिसेल. तेरच्या हस्तिदंती बाहुलीशेजारी पॉम्पेईत सापडलेली तिची भगिनी ठेवली, तर मराठवाड्याचे जगाशी असलेले नाते गौरवाच्या घोषणेशिवाय कळेल. तुलना ही प्रवेशिकेची सर्वांत जुनी पद्धत आहे. फक्त तिच्यात एक बाजू मोजपट्टी आणि दुसरी मोजली जाणारी वस्तू, अशी वाटणी करून ठेवू नये.

७

अभ्यासक्रम मंडळांना सुचवण्याजोगे काही या विवेचनातून निघत असेल, तर ते फार भव्य नाही. तिन्ही विषयांच्या आरंभी एकच स्थानिक वस्तू घ्यावी : एक तांदळा, एक वाकळ, एक बाजार. मानवशास्त्राच्या वर्गाने तिच्याविषयी रीतिवर्तमानात एक परिच्छेद लिहावा, मग त्याच गोष्टी एका दिवसाच्या, एका माणसाच्या प्रसंगात लिहून काढाव्यात आणि काय वाढले, काय गळाले ते पाहावे. कलेतिहासाच्या वर्गाने कर्मणी वाक्यांना कर्ता शोधून द्यावा. सापडला नाही तर 'अज्ञात' असे लिहावे, कारण 'अज्ञात' हा शब्दही कर्त्याची जागा रिकामी ठेवून दाखवतो. चित्रकलेच्या वर्गाने काढण्यापूर्वी घरात त्या वस्तूला कोणते शब्द आहेत ते गोळा करावेत. आणि मराठी विभागाने 'उचल्या'वर प्रश्न विचारताना समाजाच्या चालीरीती बाजूला ठेवून त्यातील 'आम्ही' कोणाला उद्देशून आहे, एवढेच विचारावे.

यासाठी निधी, नवे विभाग किंवा नवे पद यांची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकाला आपल्या वाक्याकडे लक्ष द्यावे लागते. वर्गात 'आपण' म्हणताना त्यात कोण बसले आहे आणि कोणाला दाराबाहेर ठेवून आपण हे बोलत आहोत, याचा हिशेब प्रत्येक तासाला नव्याने करावा लागेल. लोह्यासारख्या गावच्या महाविद्यालयात हा हिशेब टाळता येत नाही, कारण जिच्याविषयी प्रकरण आहे ती मुलगी दुसऱ्या बाकावर वही उघडून बसलेली असते आणि शिक्षक सांगेल ते उतरवून घेत असते.